स्टॉकहोममधलं इटलीचं घर

परदेशात आपल्या संस्कृतीचं केंद्र उभं करायचं, तर बहुतेक देश एखादी भाड्याची जागा घेतात, भिंतीवर चार फोटो लावतात आणि भाषेचे वर्ग सुरू करतात. स्टॉकहोममध्ये इटलीने काय केलं बघा! तिथल्या इटालियन सांस्कृतिक संस्थेची इमारत १९५८ साली उभी राहिली, आणि तिचा वास्तुविशारद होता थेट जिओ पोंती. मिलानचा पिरेली टॉवर ज्याचा, तोच. सभागृहाच्या छताचं काम पिएर लुईजी नेर्वीकडे, म्हणजे काँक्रीटला हलकं करून दाखवणाऱ्या माणसाकडे. भाषणाला गेलेल्या माणसाच्या डोक्यावरच इटलीचं स्थापत्य!

यामागे पैसा आणि जिद्द होती कार्लो माउरिलिओ लेरिची या उद्योजक अभियंत्याची. संस्थेला त्याचंच नाव आहे. हा माणूस मला फार आवडतो. जमिनीखालचे थर तपासण्याचं तंत्र त्याने प्राचीन एट्रुस्कन थडगी शोधायला वापरलं. थडग्याच्या छताला बारीक भोक पाडायचं, त्यातून दिवा आणि कॅमेरा लावलेली नळी आत सोडायची आणि भिंतींचे फोटो काढायचे. आत चित्रं आहेत की नाही, हे खोदण्याआधीच कळायचं! तार्क्विनियाचं प्रसिद्ध 'ऑलिंपिक थडगं' त्याच्या लोकांना याच पद्धतीने सापडलं, तेही १९५८ मध्येच.

स्टॉकहोमला कुणी जाणार असेल, तर ही इमारत यादीत घ्याच. आणि सभागृहात गेलात की आधी वर बघा.