समीक्षकांचा डिसेंबर आणि अकादमीचा फेब्रुवारी

आजचा विषय तसा गमतीचा आहे, पण दरवर्षी त्यावरून चांगली भांडणं होतात. डिसेंबर उजाडला की अमेरिकेतल्या समीक्षकांच्या संस्था एकामागून एक आपले पुरस्कार जाहीर करायला लागतात, आणि जगभरातले चित्रपटवेडे कागद-पेन्सिल घेऊन बसतात. या सिनेमाला न्यूयॉर्क मिळालं, त्याला लॉस एंजेलिस मिळालं, म्हणजे ऑस्कर याचंच! आणि मग फेब्रुवारी-मार्चमध्ये पाकिटातून भलतंच नाव निघतं. मग 'अन्याय झाला', 'अकादमीला काही कळत नाही', 'समीक्षकांनाच काही कळत नाही' अशी सगळी मालिका सुरू होते.

हे असं का होतं, ते एक हंगाम नीट उलगडून बघूया. तो हंगाम आहे २०१०-११ चा. 'द सोशल नेटवर्क' विरुद्ध 'द किंग्ज स्पीच'. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दोन्ही पाहिलेत. पहिला डेव्हिड फिंचरचा, फेसबुक कसं उभं राहिलं आणि त्यात मित्र कसे कोर्टात गेले त्याची गोष्ट. दुसरा टॉम हूपरचा, बोलताना अडखळणाऱ्या इंग्लंडच्या सहाव्या जॉर्ज राजाची.

आता तारखा बघा. २ डिसेंबरला नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूने 'द सोशल नेटवर्क'ला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं. १२ तारखेला लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी, १३ ला न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी, आणि ८ जानेवारीला नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सने. चारही मोठे पुरस्कार एकाच सिनेमाला! याआधी असं दोनदाच झालं होतं. १९९३ ला 'शिंडलर्स लिस्ट' आणि १९९७ ला 'एल. ए. कॉन्फिडेन्शियल'. त्यावर १६ जानेवारीला गोल्डन ग्लोबही मिळालं. चाहत्यांच्या लेखी निकाल लागलेला होता.

मग २२ जानेवारी. निर्मात्यांच्या संघटनेचा पुरस्कार 'द किंग्ज स्पीच'ला. २५ ला ऑस्करची नामांकनं आली, 'द किंग्ज स्पीच'ला १२, 'द सोशल नेटवर्क'ला ८. २९ ला दिग्दर्शकांच्या संघटनेने टॉम हूपरला निवडलं. ३० ला कलाकारांच्या संघटनेचा पुरस्कारही 'किंग्ज स्पीच'च्याच चमूला. नऊ दिवसांत पारडं पुरतं फिरलं. २७ फेब्रुवारीला चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता कॉलिन फर्थ आणि मूळ पटकथा असे चार ऑस्कर 'किंग्ज स्पीच'ने नेले. 'सोशल नेटवर्क'ला तीन मिळाले, रूपांतरित पटकथा, संकलन आणि संगीत. मजा म्हणजे त्या रात्री सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या दहाही स्पर्धकांची जी झलक दाखवली, तिच्यावर आवाज होता 'किंग्ज स्पीच'मधल्या राजाच्या भाषणाचा! पाकीट उघडायच्या आधीच. चाहते आजही त्यावरून चिडतात, आणि मला वाटतं ते चिडणं रास्त आहे.

आता प्रश्न असा, की समीक्षकांचे चार पुरस्कार घेतलेला सिनेमा हरला कसा? तर उत्तर अगदी साधं आहे. तो हरला नाही, कारण समीक्षकांच्या निवडणुकीत तो जिंकलाच होता. ऑस्कर ही वेगळी निवडणूक आहे. आपण काय करतो, समीक्षकांच्या पुरस्काराला उपान्त्य फेरी समजतो आणि ऑस्करला अंतिम. पण उपान्त्य आणि अंतिम फेरीत निदान पंच तरी त्याच खेळाचे असतात. इथे मतदारच वेगळे आहेत. समीक्षक म्हणून कुणाला अकादमीत प्रवेश नसतो. अकादमी ही चित्रपट करणाऱ्यांची संस्था आहे: अभिनेते, दिग्दर्शक, लेखक, संकलक, ध्वनीवाले, वेशभूषाकार, निर्माते, प्रसिद्धीचं काम करणारे. गोल्डन ग्लोब त्या काळी शंभरापेक्षा कमी परदेशी पत्रकार ठरवायचे, तेही अकादमीचे मतदार नव्हेत. म्हणजे १६ जानेवारीपर्यंत ज्यांनी ज्यांनी 'सोशल नेटवर्क'ला मत दिलं, त्यांपैकी जवळजवळ कुणाच्याही हातात ऑस्करची मतपत्रिका नव्हती. आणि निर्माते, दिग्दर्शक, कलाकार यांच्या संघटनांमधले बरेच लोक अकादमीतही असतात. तिथे पहिल्यांदा खऱ्या मतदारांचा कौल ऐकू आला. म्हणून ते नऊ दिवस महत्त्वाचे. पारडं फिरलं असं मी मघाशी म्हटलं खरं, पण बहुधा ते आधीपासूनच तिकडे होतं, आपल्याला दिसलं तेव्हा. खूण आधीही मिळाली होती. सप्टेंबरात टोरांटोच्या महोत्सवात प्रेक्षकांचा पुरस्कार 'किंग्ज स्पीच'लाच मिळाला होता.

आता ही समीक्षकांची मंडळं मुळात निघाली कशासाठी, ते बघितलं की अजून उलगडा होतो. न्यूयॉर्क फिल्म क्रिटिक्स सर्कल १९३५ सालचं. वर्तमानपत्रांतल्या समीक्षकांनी ते काढलं, ऑस्करला पर्याय म्हणून. हॉलिवूडच्या कंपन्यांनी आपसांत वाटलेली बक्षिसं एकीकडे, आणि आमचं मत एकीकडे. पहिल्याच वर्षी त्यांनी 'द इन्फॉर्मर' निवडला, ऑस्कर गेलं 'म्युटिनी ऑन द बाउंटी'ला. १९४१ ला त्यांनी 'सिटिझन केन' निवडला, ऑस्कर 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली'ला. पुढे न्यूयॉर्कच्या मंडळात वर्तमानपत्रवाल्यांचंच वजन जास्त म्हणून मासिकांत लिहिणाऱ्या समीक्षकांनी १९६६ मध्ये वेगळी चूल मांडली, ती नॅशनल सोसायटी. त्यात पॉलिन केल होत्या. त्यांची पहिली निवड अंतोनिओनीचा 'ब्लो-अप'. लॉस एंजेलिसचं मंडळ १९७५ चं. म्हणजे बघा, ही मंडळं ऑस्करचं भाकीत करायला निघालेलीच नाहीत. उलट, ऑस्करशी न जुळणं हेच त्यांच्या जन्माचं कारण आहे. आणि आपण त्यांना 'यंदा तुमचा अंदाज चुकला' म्हणतो!

यावर काही जाणकार चाहते मतमोजणीचा मुद्दा काढतात. तोही समजून घेऊ, कारण तो खरा आहे, फक्त जरा जास्त ताणला जातो. २००९ सालच्या चित्रपटांपासून अकादमीने सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पाचाऐवजी दहा नामांकनं दिली आणि मोजणी बदलली. मतदार एकच नाव लिहीत नाही, पसंतीक्रम लावतो.

समजा या सभागृहात आपण शंभर जण आहोत आणि तीन सिनेमे आहेत. पहिल्या पसंतीची मतं 'अ'ला ४०, 'ब'ला ३५, 'क'ला २५. साध्या मोजणीत 'अ' जिंकला, विषय संपला. पसंतीक्रमात मात्र निम्म्याहून जास्त मतं लागतात. ती कुणालाच नाहीत, म्हणून सगळ्यात मागचा 'क' बाद. पण 'क'वाल्यांची मतं वाया जात नाहीत, त्यांची दुसरी पसंती बघायची. समजा त्यातल्या २० जणांनी दुसरा 'ब' लिहिलाय आणि पाच जणांनी 'अ'. झालं, 'ब' ५५, 'अ' ४५. 'अ' चाळीस जणांना प्राणप्रिय होता, पण बाकीच्यांना तो फारसा रुचत नव्हता. 'ब' कुणाला नकोसा नव्हता. आपल्याकडे लग्नाच्या जेवणात काय ठेवायचं यावर घरात चर्चा होते तेव्हा शेवटी जे ठरतं ना, तोच प्रकार. कुणाचंच एक नंबरचं आवडतं नाही, पण ताट कुणी परत पाठवत नाही.

समीक्षकांची पद्धत याच्या उलट वृत्तीची आहे. नॅशनल सोसायटीत प्रत्येक जण तीन नावं लिहितो, त्यांना तीन, दोन, एक असे गुण. मतदार मूठभर. मूठभरांना एखाद्या सिनेमाचं वेड लागलं तर तो निघून जातो, बाकीच्यांनी नाक मुरडलं तरी. इथे वेड मोजलं जातं, अकादमीत सहमती.

मग 'सोशल नेटवर्क' या मोजणीमुळे हरला का? चाहत्यांना हे कारण फार आवडतं, पण मला ते २०११ साठी पुरेसं वाटत नाही. अकादमी मतांचे आकडे कधीच जाहीर करत नाही, त्यामुळे सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मोजणी आपण तपासू शकत नाही. पण दिग्दर्शकाचा ऑस्कर पसंतीक्रमाने मोजत नाहीत. ज्याला जास्त मतं तो जिंकला. आणि तिथेही हूपरच जिंकला! ब्रिटनच्या बाफ्ताने 'किंग्ज स्पीच'ला सात पुरस्कार दिले, पण दिग्दर्शनाचा मात्र फिंचरला दिला. म्हणजे फिंचरला पसंती देणं अगदीच अशक्य होतं असं नाही. अकादमीच्या मतदारांना मनापासून दुसरा सिनेमा आवडला होता, एवढंच.

हे मतदार कोण होते? त्या वर्षी मत देण्याचा हक्क साधारण पावणेसहा हजार जणांना होता. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, लॉस एंजेलिस टाइम्सने शोधून काढलं की अकादमीचे ९४ टक्के सदस्य गोरे, ७७ टक्के पुरुष आणि मध्यक वय ६२. आता बासष्टीच्या गृहस्थासमोर दोन सिनेमे ठेवा. एकात विशीतली पोरं भराभर बोलत एकमेकांना फसवतायत आणि शेवटी कुणालाच सुख नाही. दुसऱ्यात एक भला माणूस भीतीवर मात करतो. मी हे कुचेष्टेने म्हणत नाहीये, 'किंग्ज स्पीच' चांगलाच सिनेमा आहे. पण कौल कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मग समीक्षकांच्या पुरस्कारांचा ऑस्करशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो मोठा आहे, फक्त आपण शोधतो तिथे नाही. तो जिंकण्यात नाही, बघितलं जाण्यात आहे. मतदाराकडे शेकडो सिनेमे येतात. सगळे कोण बघणार? समीक्षकांची नावं पुन्हा पुन्हा कानावर आली की एखादा सिनेमा ढिगाऱ्यात वर येतो. हामागुचीचा 'ड्राइव्ह माय कार' घ्या. जपानी, जवळजवळ तीन तासांचा, शांत. २०२१ मध्ये न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि नॅशनल सोसायटी तिघांनीही त्याला वर्षातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हटलं. त्यानंतर त्याला चार नामांकनं मिळाली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही. जपानी सिनेमाला ते पहिल्यांदाच मिळालं. मुख्य बक्षीस 'कोडा'ने नेलं, याला फक्त आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं. पण समीक्षकांशिवाय तो त्या दहांत असता का? मला नाही वाटत. 'पॅरासाइट'च्या वेळी तर समीक्षकांची शिफारस आणि मतदारांचं प्रेम दोन्ही एकत्र आलं, तेव्हा काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

श्रोत्यांतून आलेल्या दोन प्रश्नांना उत्तर देतो. एकांनी विचारलंय, की कोण जिंकणार याची पैज लावायची तर कशावर लावावी? जानेवारीनंतरच्या संघटनांच्या पुरस्कारांवर. त्यातही निर्मात्यांच्या, कारण तेही पसंतीक्रमानेच मोजतात. डिसेंबरच्या याद्या पैजेसाठी वापरू नका, बघायचे सिनेमे निवडायला वापरा.

दुसरा प्रश्न येणारच होता. पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'चं काय? हा आपल्या जिव्हाळ्याचा विषय. मुंबईत घडणारा, मल्याळम, हिंदी आणि मराठी बोलणारा सिनेमा. त्यातली छाया कदम यांची पार्वती मुंबईतलं घर सुटल्यावर कोकणात आपल्या गावी जाते. मे २०२४ मध्ये त्याला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. वर्षाअखेर न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि नॅशनल सोसायटी, तिन्ही मंडळांनी त्याला इंग्रजीव्यतिरिक्त भाषेतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं. नॅशनल सोसायटीने तर सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक म्हणूनही पायल कपाडियांनाच निवडलं, जगभरातल्या सगळ्या दिग्दर्शकांतून. आणि ऑस्करला एकही नामांकन नाही.

यात आधी एक दार आहे, आणि त्याच्या किल्ल्या समीक्षकांकडेही नाहीत, अकादमीकडेही नाहीत. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात प्रत्येक देश एकच सिनेमा पाठवतो. आपल्याकडे ते फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ठरवतं. याच वाटेने 'श्वास' गेला, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' गेला, 'कोर्ट' गेला. २०२४ मध्ये फेडरेशनने 'लापता लेडीज' पाठवला, तो पंधराच्या यादीतही आला नाही. 'ऑल वी इमॅजिन'मध्ये फ्रान्सचाही पैसा होता. फ्रान्सच्या समितीने तो शेवटच्या चारांत ठेवला आणि पाठवला 'एमिलिया पेरेझ'. दोन दारं होती, दोन्ही सप्टेंबरातच बंद झाली. समीक्षकांचे पुरस्कार आले डिसेंबरात. दिग्दर्शन, पटकथा वगैरे विभाग त्याला खुले होते, पण तिथे स्पर्धा सगळ्या हॉलिवूडशी, आणि मागे प्रचाराला मोठ्या कंपनीचा पैसा नाही.

तरी त्या पुरस्कारांनी काही केलंच नाही असं म्हणू नका. गोल्डन ग्लोबला दिग्दर्शनाचं नामांकन आलं. आपल्याकडे २२ नोव्हेंबरला थिएटरात लागला होता तेव्हा तो किती जणांनी पाहिला? हात वर करा बघू. ...सात. आणि नंतर घरी बसून? हं, आता बरेच हात दिसतायत.