कला दांडेकरच्या वाट्याला आलेलं भविष्य

विज्ञानकथेवरची मालिका बघताना तिच्यात मराठी आडनाव सापडतंय का ते बघायचं, हा माझा जुना नाद. दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ लागायची तेव्हापासूनचा. फारसं काही हाती लागत नाही. त्यामुळे नेटफ्लिक्सच्या ‘सेन्स एट’मध्ये मुंबईची कला दांडेकर भेटली, तेव्हा बाकीची सात मुख्य पात्रं बाजूला ठेवून मी तिच्याच मागे लागले. कला औषधांचं रसायनशास्त्र शिकलेली, एका बड्या औषध कंपनीत नोकरी करणारी. आम्हा पनवेलकरांना अशा मुली नव्या नाहीत. तळोजा, रसायनी, पाताळगंगा या पट्ट्यातल्या कारखान्यांत जाणाऱ्या कितीतरी जणी सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत नाक्यावर उभ्या असतात. त्यांच्यातलीच एक जगातल्या सगळ्यात धीट विज्ञानमालिकेत जाऊन बसली होती. तिथे तिच्या वाट्याला काय आलं, हा या लेखाचा विषय.

आपल्याकडचा आधीचा इतिहास झरझर सांगता येण्याजोगा आहे. 1989 मध्ये ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि ‘इंद्रधनुष’, 1998 मध्ये केतन मेहतांचा ‘कॅप्टन व्योम’ आणि त्यात आपला मिलिंद सोमण. 2003 मध्ये ‘करिश्मा का करिश्मा’, म्हणजे अमेरिकेच्या ‘स्मॉल वंडर’ची हिंदी आवृत्ती: घरात मुलगी म्हणून वावरणारं यंत्र. ते यंत्र वयात आलं आणि 2016 मध्ये ‘बहू हमारी रजनी कांत’मध्ये सून होऊन उंबरठा ओलांडून आलं. शास्त्रज्ञ मुलाने यंत्रमानव बनवला, घरच्यांनी त्याला सून मानलं, आणि दमणं ठाऊक नसलेली, बटणावर चालणारी सून घरोघरी पडद्यावर दिसू लागली. विनोद म्हणून ठीक. पण विज्ञानाने स्त्रीला काय द्यावं याबद्दलची आपल्या दूरचित्रवाणीची कल्पना त्यात उघडी पडली. यंत्र नवं होतं, घर मात्र तेच. समलिंगी किंवा तृतीयपंथी माणूस तर या सगळ्या भविष्यकाळांत कुठेच नव्हता.

परदेशातही फार उजेड होता असं नाही. ‘स्टार ट्रेक’चे पटकथाकार डेव्हिड जेरोल्ड यांनी 1987 मध्ये ‘ब्लड अँड फायर’ नावाचा भाग लिहिला. त्यात यानावरच्या दोन पुरुषांचं जोडपं होतं आणि एड्सच्या भीतीवर रूपक होतं. तो भाग कधी चित्रित झालाच नाही आणि जेरोल्ड मालिकेतून बाहेर पडले. एकवीस वर्षांनी, 2008 मध्ये, मालिकेच्या चाहत्यांनी हौशी निर्मिती म्हणून तो केला आणि दिग्दर्शन जेरोल्ड यांनीच केलं. 1992 च्या ‘द आउटकास्ट’ या भागात स्त्री-पुरुष भेदच नसलेली एक जमात दाखवली. त्यातल्या सोरेनच्या प्रेमात यानावरचा अधिकारी रायकर पडतो. पण या जमातीच्या सगळ्या भूमिका अभिनेत्रींना दिल्या, म्हणजे प्रेक्षकाला खटकायला नको. रायकरचं काम करणारे जोनाथन फ्रेक्स यांनी पुढे उघडपणे सांगितलं, सोरेनसाठी पुरुष नट घ्यायला हवा होता. या माध्यमाची भीती किती खोल होती ते या एका तक्रारीतून कळतं.

ही भीती ‘सेन्स एट’ने बाजूला सारली. 5 जून 2015 रोजी पहिला हंगाम आला. लाना आणि लिली वाचोव्स्की या भगिनी आणि जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की हे तिचे कर्ते. दोघी बहिणी परलिंगी. लाना यांनी 2012 मध्ये ते जगाला सांगितलं, लिली यांनी मार्च 2016 मध्ये. कथासूत्र असं: जगाच्या आठ ठिकाणी 8 ऑगस्टला जन्मलेली आठ माणसं अचानक एकमेकांच्या मनात, देहात, कौशल्यांत शिरू शकतात. शिकागोचा पोलीस, सोलची मुष्टियोद्धी, नैरोबीचा बसचालक, बर्लिनचा तिजोरीफोड्या. सॅन फ्रान्सिस्कोची नोमी परलिंगी आहे आणि जेमी क्लेटन या परलिंगी अभिनेत्रीनेच ती साकारली. नोमीची आई तिला हट्टाने जुन्याच, पुरुषी नावाने हाक मारते. मेक्सिकोचा चित्रपटनायक लितो समलिंगी आहे आणि सत्य लपवण्यात त्याची दमछाक होते. देहांची सीमाच पुसली गेली की लिंगाचा प्रश्न आपोआप ढिला पडतो, हे या मालिकेचं खरं तत्त्वज्ञान. प्रेम कुणी कुणावर करावं याचा कायदा इथे विज्ञानकल्पनाच मोडीत काढते.

आणि मुंबई? मुंबईला मिळालं गणपतीचं देऊळ आणि लग्न. कला (टीना देसाई) गणेशभक्त. वडील संयम दांडेकर, भूमिका अनुपम खेर यांची. सज्जन, श्रीमंत राजन रसाळशी (पूरब कोहली) तिचं लग्न ठरलंय, पण ते प्रेम नाही. लग्नापूर्वी राजन हिंदी सिनेमातल्यासारखा समूहनाच करून तिला खूश करू बघतो. भर लग्नात तिला समोर बर्लिनचा वूल्फगांग विवस्त्र उभा दिसतो आणि ती बेशुद्ध पडते. मुंबईचा भाग जेम्स मॅकटीग यांनी दिग्दर्शित केला. शहर खरं आहे, गर्दी खरी आहे, पण दांडेकरांचं घर खरं नाही. त्या घरात गोडा मसाला नाही, मराठी वृत्तपत्र नाही, ‘अगं’ नाही. मालिकेत सगळी शहरं इंग्रजी बोलतात हा संकेत मला मान्य आहे. तरी दांडेकर हे कोकणातलं अस्सल आडनाव कुणीतरी यादीतून उचलून एका सरसकट ‘भारतीय’ कुटुंबाला लावलं असावं, अशी शंका फिटत नाही.

तरीही कलाला एक जागा अशी मिळाली की तिथे मी मनातल्या मनात टाळी वाजवली. पहिल्या हंगामाच्या शेवटी वूल्फगांग जिवावरच्या चकमकीत सापडतो. त्याचं बळ तिथे कामाला येत नाही, कलाचं रसायनशास्त्र येतं. स्वयंपाकघरात हाताला लागेल त्या वस्तूंपासून ती स्फोटक तयार करते. 2016 ची रजनी त्याच स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारं यंत्र होती. कलाने त्याची प्रयोगशाळा केली. मालिकेच्या लेखकांना हे जाणूनबुजून सुचलं की ओघात, कोण जाणे. पण भारतीय प्रेक्षकाला त्याचा अर्थ बरोबर लागतो.

खरी खंत वेगळी आहे. चित्रीकरणाला ‘सेन्स एट’चे लोक 2014 मध्ये मुंबईत आले, तेव्हा शहरात समलिंगी आणि तृतीयपंथी चळवळीला पाव शतक होत आलं होतं. अशोक राव कवी यांचं ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक 1990 चं, हमसफर ट्रस्ट 1994 चा. ऑगस्ट क्रांती मैदानातून 2008 मध्ये अभिमान यात्रा निघाली. 2010 पासून ‘कशिश’ चित्रपट महोत्सव भरतोय. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी ‘बिग बॉस’मध्ये जाऊन आल्या होत्या. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली होती. त्याच न्यायालयाने चारच महिने आधी, डिसेंबर 2013 मध्ये, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा जिवंतही केलं होतं. एवढं नाट्य या शहरात समोर घडत असताना मालिकेने बंडखोरी सॅन फ्रान्सिस्को आणि मेक्सिकोला दिली. आमच्या वाट्याला हळदीकुंकवाचं ताट आलं.

पण बोट फक्त बाहेरच्यांकडे दाखवून भागणार नाही. आमच्या विज्ञानकथेनेही हा विषय कधी हातात घेतला? मराठी रंगभूमीने घेतला. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये रोहिणी हट्टंगडींनी 1981 मध्ये समलिंगी मित्रा उभी केली. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं आलं. विज्ञानकथा मात्र गप्प. कारण ती मराठी विज्ञान परिषदेच्या अंगणात वाढली. 1966 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या स्पर्धेने जयंत नारळीकर आपल्याला दिले, हे तिचे मोठे उपकार. पण विज्ञान पटवून देणं हा हेतू पहिला आणि माणूस दुसरा, ही शिस्तही तिथूनच आली.

त्या स्पर्धेचा एक प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यातली एक बाजू मात्र आपण हसून सोडून देतो. 1974 मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली. जयंत विष्णू नारळीकरांची आद्याक्षरं उलटी. हस्ताक्षर ओळखीचं वाटू नये म्हणून कथा लिहून काढली मंगला नारळीकरांनी. मंगलाताई स्वतः गणितज्ञ, मुंबई विद्यापीठाच्या सुवर्णपदकाच्या मानकरी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि पुढच्या वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी नारळीकरांच्या लेखनाची दखल घेतली. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणारं ते हस्तलिखित एका गणितज्ञ बाईच्या अक्षरात होतं, ते तिची ओळख म्हणून नव्हे, लेखकाची ओळख लपवण्यासाठी. शुभदा गोगटे, मेघश्री दळवी यांनी पुढे स्वतःच्या अक्षरात आणि स्वतःच्या नावाने लिहिलं. पण पडद्यापर्यंत त्यांच्या कथा गेल्या नाहीत, आणि पडद्यावरची जागा रजनी कांतने घेतली.

‘सेन्स एट’चा शेवट मात्र कलाला न्याय देऊन गेला. 1 जून 2017 ला नेटफ्लिक्सने मालिका बंद केली. जगभरच्या चाहत्यांनी एवढा धोशा लावला की महिनाअखेरीस कंपनीला शेवटचा एक भाग जाहीर करावा लागला. अडीच तासांचा हा भाग 8 जून 2018 ला आला. त्यात नोमी आणि तिची प्रेयसी अमानिता यांचं लग्न आयफेल टॉवरवर लागतं, आणि कला, वूल्फगांग आणि राजन तिघं एकत्र येतात. ज्या राजनला आपण हंगामभर बिचारा समजत होतो, तो लग्नाचा वर धक्का पचवतो, दार उघडतो आणि आत येतो. तीन वर्षं लग्न की प्रेम या जुन्या कोड्यात अडकवलेल्या मुलीला लेखकांनी शेवटी कोडंच रद्द करून दिलं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 6 सप्टेंबर 2018 ला, सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 चा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्दबातल केला. पडदा न्यायालयाच्या पुढे होता, तोही जेमतेम एका पावसाळ्याने.

माझं मत स्पष्ट आहे. कला दांडेकर हे अपुरं, बाहेरून रंगवलेलं पात्र आहे, आणि तरीही आपल्या कुठल्याही विज्ञानमालिकेतल्या स्त्रीपेक्षा ती जास्त मोकळी आहे. ही शरमेची गोष्ट तिच्या निर्मात्यांची नाही, आपली आहे. मराठी वाहिन्या आणि नव्या मंचांवर पैसा आला आहे, लेखक आहेत, आणि तळोज्याच्या प्रयोगशाळेतून संध्याकाळी पनवेलला उतरणाऱ्या मुलीची गोष्ट कुणी लिहिलेली नाही. तिला हवं त्याच्यावर, किंवा हवं तिच्यावर, प्रेम करू द्या. ज्यांच्या टेबलाच्या खणात अशी कथा पडून असेल त्यांनी ती आता काढावी, आणि खाली स्वतःचंच नाव घालावं.