परदेशातील बालकाश्रम आणि आपली सेवा

आपल्या धर्मप्रांतातील युवक-युवती आता शिक्षण, नोकरी वा पर्यटनाच्या निमित्ताने परदेशी जाऊ लागले आहेत. प्रवासात एखादा आठवडा तेथील बालकाश्रमात सेवा करावी, अशी इच्छा त्यांपैकी काहींच्या मनात येते. अनाथांचा समाचार घेणे हे याकोबाच्या पत्राने खऱ्या धर्माचे लक्षण मानले आहे. तेव्हा ही इच्छा मुळात चांगलीच होय. तथापि नेपाळ व कंबोडिया या देशांतील अनुभव पाहता, अशा सेवेस निघण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी प्रथम आपल्याच पाथरी तालुक्याकडे पाहावे. परभणी जिल्ह्यातील या भागातून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुले कधी फडावर जातात, कधी आजीपाशी राहतात, कधी वसतिगृहात. ही मुले गरीब आहेत, अनाथ नव्हेत. उद्या कोणी गोड बोलणारा गृहस्थ गावात आला आणि ‘पोराला शहरात शिकवतो, खर्च सगळा आमचा’ म्हणाला, तर कोणते आईबाप नाही म्हणतील? शहरात गेल्यावर त्या मुलाच्या नावापुढे ‘अनाथ’ असे लिहिले गेले, तर ते त्यांना कळणारही नाही.

नेपाळात नेमके हेच घडले. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील आईबापांनी मुलांना सुरक्षितता व शिक्षण मिळावे म्हणून दलालांना पैसे मोजले. दलालांनी ती मुले काठमांडूच्या बालगृहांत आणून सोडली. पुढे परदेशी पाहुण्यांना हीच मुले अनाथ म्हणून दाखविली गेली. कंबोडियात २००५ साली १५४ बालगृहे होती, ती २०१० पर्यंत २६९ झाली. त्या काळात तेथे अनाथांची संख्या वाढली नव्हती, पर्यटकांची वाढली होती. तेथील बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचेही सरकारी पाहणीत आढळले. पाहुणा आला की देणगी येते आणि पाहुण्यास दाखवावयास मुले लागतात, असा हा व्यवहार आहे. काही ठिकाणी तर दया उपजावी म्हणून मुलांना मुद्दाम हलाखीत ठेवले गेले. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या प्रकाराची दखल घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांविषयीच्या ठरावात, पर्यटनाशी जोडलेल्या अशा स्वयंसेवेपासून मुलांना होणारी हानी रोखण्यास सदस्य राष्ट्रांना सांगितले.

संस्था प्रामाणिक असली तरी एक प्रश्न उरतोच. जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, लहान मुलास एका माणसाची सलग, टिकाऊ माया मिळणे किती आवश्यक आहे हे दाखवून दिले. दर आठवड्यास नवी ताई, नवा दादा. लळा लागतो न लागतो तोच निरोप. कोणाही नवख्याच्या मांडीवर धावत येऊन बसणारे मूल पाहून आपण ‘किती मायाळू’ म्हणतो. जाणकारांना त्यात कित्येकदा वारंवार तुटलेल्या नात्यांची खूण दिसते. (नाताळात केक घेऊन आपल्या वसतिगृहांत येणाऱ्या व तासाभरात छायाचित्रे काढून परतणाऱ्या मंडळींनीही हे ध्यानी घ्यावे.)

परदेशी माणसाने मुलांची सेवा करूच नये, असा याचा अर्थ नव्हे. मिनी अब्राम्स या अमेरिकन मिशनरी १८९८ साली पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये आल्या आणि सुमारे दशकभर तेथील मुलींत राहिल्या. आपल्या मराठवाड्यात घोगरगावी आलेले फ्रेंच धर्मगुरू फादर जाकिये यांचेही तसेच. ते पाहुणे म्हणून आले नव्हते. ज्यांच्यापाशी थोडेच दिवस आहेत, त्यांनी कोलकात्यास मदर तेरेसांच्या धर्मभगिनींच्या सेवागृहांत पाहावे. जगभरातून आलेले स्वयंसेवक तेथे कपडे धुतात, पिळतात, गच्चीवर वाळत घालतात. अशा कामात लळा लागून तुटण्याचा प्रश्न येत नाही आणि सिस्टरांचे हात मुलांसाठी मोकळे होतात.

म्हणून जाण्यापूर्वी संस्थेस विचारावे : नोंदणी आहे काय? मुलांचे आईबाप कोठे आहेत, ते भेटावयास येतात काय, मूल घरी परतावे म्हणून संस्था काय करते? आमच्या चारित्र्याची पडताळणी तुम्ही करणार काय? हा शेवटचा प्रश्न आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. ओळखपाळख नसलेल्या प्रवाशास जी संस्था थेट मुलांच्या खोलीत नेते, ती उद्या कोणासही नेईल. स्थानिक धर्मप्रांताच्या कार्यालयातही चौकशी करता येते.

आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे बालगृहाची नोंदणी सक्तीची असून बालकास २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. कलम ७४ नुसार अशा बालकाची ओळख कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोबाइलवरून पाठविलेले छायाचित्रही यातून सुटत नाही.

परदेशस्थ नातलग गावाकडे येऊन ‘येथील मुलांसाठी काय करू?’ असे विचारतात, त्यांनाही एक काम सुचवितो. पालक गमावलेले मूल आजीपाशी वा मावशीपाशीच वाढावे, यासाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिचे अनुदान दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. पात्र कुटुंबेही कागदपत्रांअभावी मागे राहतात. मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, आधार, शिधापत्रिका जुळवून देण्यास आठवडा पुरे होतो. पाथरी परिसरातील अर्जदारांनी परभणीच्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. संकटातील बालकांसाठी मदतवाहिनीचा क्रमांक १०९८ आहे.