अध्यक्ष बदलतो, तेव्हा नेमकं काय बदलतं?

2025 साली गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. अमेरिकेत जाणाऱ्या बऱ्याचशा भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर गेलं, तेही त्याच दिवशी. 25 टक्के आधीच लागले होते, रशियाचं तेल घेतल्याबद्दल आणखी 25 टक्के वाढले. रायगड जिल्ह्यातल्या पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतल्या ज्या मूर्ती परदेशी जातात, त्या काही महिने आधीच बोटीनं रवाना होतात. त्यामुळे तिकडच्या मराठी घरांत त्या दिवशी बसलेल्या गणपतींना या वाढीची झळ लागली नाही. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत मात्र माल बारमाही निघतो. शिवाय औषधं या शुल्कातून वगळली होती, बरीचशी रसायनं नव्हती. म्हणजे एकाच औद्योगिक वसाहतीत औषधवाल्याचं आणि रसायनवाल्याचं गणित वॉशिंग्टनमधल्या एका आदेशानं वेगळं झालं. तेव्हा अमेरिकेच्या कोणत्या अध्यक्षाचं आर्थिक धोरण बरं, हा प्रश्न रायगड जिल्ह्यालाही लागू आहे. फक्त तो ज्या पद्धतीनं सोडवला जातो, ती फसवी आहे. कोणाच्या कारकिर्दीत वाढीचा दर किती, महागाई किती, असा तक्ता मांडून गुण दिले जातात. पण तक्त्यातले निम्मेअधिक आकडे अध्यक्षाच्या हातातले नसतातच.

व्याजदर फेडरल रिझर्व्ह ही अमेरिकेची मध्यवर्ती बँक ठरवते. कर आणि खर्च यांना काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मंजुरी लागते. आयातशुल्क ठरवण्याचा अधिकारही राज्यघटनेनं काँग्रेसलाच दिला आहे; तो अध्यक्षाकडे सरकत कसा गेला, हे पाहण्यासारखं आहे. 1930 मध्ये हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी नको म्हणून विनवूनही हूव्हर यांनी स्मूट-हॉली कायद्यावर सही केली आणि शुल्कं भरमसाट वाढली. इतर देशांनी जशास तसं उत्तर दिलं आणि आधीच मंदीत असलेला व्यापार आणखी आटला. त्या अनुभवानंतर 1934 च्या कायद्यानं रूझवेल्ट यांना करार करून शुल्कं घटवण्याची मुभा मिळाली. दर कमी करण्यासाठी किलकिलं झालेलं हे दार पुढच्या कायद्यांनी रुंदावत गेलं. ट्रम्प यांनी 2025 मध्ये शुल्कवाढीसाठी आधार घेतला तो 1977 च्या आणीबाणीविषयक कायद्याचा. तो कायदा एवढा अधिकार देत नाही, असा निकाल त्याच वर्षी संघीय न्यायालयांनी दिला.

अध्यक्षाला खरोखर मोकळीक असते तिथे दोन अध्यक्ष किती वेगळे वागतात, हे चलनाच्या इतिहासात दिसतं. जुलै 1944 मध्ये रूझवेल्ट यांच्या सरकारनं ब्रेटन वुड्सला 44 देशांना बोलावलं. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. त्यांचं बालपण रोह्यात गेलं. जवळजवळ तीन आठवडे चर्चा चालली आणि तिथून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक उभ्या राहिल्या. वरचष्मा अमेरिकेचाच होता, तरी पारतंत्र्यातल्या देशालाही तिथे बाजू मांडता आली. तिथे ठरलेल्या चलनव्यवस्थेचा पाया निक्सन यांनी 15 ऑगस्ट 1971 च्या रविवारी दूरचित्रवाणीवरच्या एका भाषणात काढून घेतला. परदेशी सरकारांना डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबलं, आयातीवर 10 टक्के अधिभार बसला आणि देशातले पगार व किमती 90 दिवसांसाठी गोठवल्या गेल्या. मित्रदेशांना विचारलंही नव्हतं. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्ष किमती गोठवतो, यावरून पक्षाच्या पाटीवर किती विसंबायचं ते कळतं.

तक्त्यातले आकडे अध्यक्षाच्या हातात नसतात, यावर पहिला आक्षेप असा, की फेडरल रिझर्व्हचा प्रमुख अध्यक्षच नेमतो, मग व्याजदराची जबाबदारी त्याचीच. पण कार्टर यांनी 1979 मध्ये पॉल व्होल्कर यांना नेमलं. त्यांनी महागाई मोडण्यासाठी व्याजदर 20 टक्क्यांच्या आसपास नेले. कार्टर 1980 ची निवडणूक हरले; 1982 च्या अखेरीस बेकारी 10.8 टक्क्यांवर गेली, तेव्हा खुर्चीवर रेगन होते. आणि महागाई उतरल्याचं श्रेयही त्यांच्याच पदरात पडलं. रेगन यांच्या करकपातीचं मोजमाप वेगळं करायला हवं: प्राप्तिकराचा कमाल दर 70 वरून 28 टक्क्यांवर आला आणि सरकारी कर्ज जवळजवळ तिप्पट झालं. दुसरा आक्षेप आकड्यांचा. ब्लाइंडर आणि वॉटसन या अर्थतज्ज्ञांना आढळलं, की दुसऱ्या महायुद्धानंतर डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात वाढीचा दर सरासरी 1.8 टक्केबिंदूंनी जास्त होता. पण त्यांनीच कारणं तपासली, तेव्हा या फरकाचा मोठा वाटा तेलाचे भाव, उत्पादकता आणि जगातली परिस्थिती यांचा निघाला. धोरणाचा हात त्यात फारसा दिसला नाही.

मग अध्यक्ष कोणीही असला तरी सारखंच, असं मात्र मुळीच नाही. जिथे त्याची एकट्याची सही पुरते, तिथे तो जगाला हलवू शकतो आणि तुलना तिथेच करावी. तिथे निकष दोन: निर्णय इतरांना विचारून घेतला की फर्मान काढून, आणि तो पुढच्या अध्यक्षाकडून मागे घेतला जाऊ शकतो का. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत चिनी मालावर लावलेलं शुल्क बायडेन यांनी काढलं नाही, उलट 2024 मध्ये चिनी विद्युत मोटारींवर ते 100 टक्के केलं. लावलेलं शुल्क काढणं कोणत्याच पक्षाला सोपं जात नाही. धाटावच्या कारखानदाराला पुढच्या ऑर्डरचा दर आजच कळवावा लागतो. शुल्क ठरलेलं असेल, तर ते जड असलं तरी किमतीत धरता येतं. रातोरात बदलणारं शुल्क कशातच धरता येत नाही. म्हणून आपल्या दृष्टीनं बरा अध्यक्ष तो, ज्याच्या आदेशांचा अंदाज बांधता येतो, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.