भिंतीचा कोन आणि हवेचा दाब

पवनबोगद्याच्या चाचणीकक्षातून सेकंदाला ५० मीटर वेगाने निघालेली हवा पंख्यापर्यंत न्यायची, तर आधी तिचा वेग उतरवावा लागतो. हे काम ज्या रुंदावत जाणाऱ्या नळीकडे असते तिला डिफ्यूझर म्हणतात. वेग कमी झाला की दाब वाढतो, हे तत्त्व डॅनियल बर्नुली यांच्या १७३८ च्या ग्रंथापासून परिचित आहे. या हवेचा गतिक दाब, म्हणजे गतीमुळे तिच्यात साठलेला दाब, सुमारे १,५०० पास्कल असतो. नळीचे क्षेत्रफळ दुप्पट केल्यास वेग निम्मा आणि गतिक दाब चौथाई होतो. म्हणून ऊर्जा मुळीच वाया गेली नाही, तर भिंतीवरचा दाब १,१२५ पास्कलने वाढावा. नळी एकदम रुंद केली, तर मात्र जेमतेम ७५० पास्कल पदरात पडतात आणि उरलेली ऊर्जा भोवऱ्यांत विरून उष्णता होते.

या तोट्याचे मूळ भिंतीलगत आहे. लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले, की घर्षणाचा परिणाम मुख्यतः भिंतीला लागून असलेल्या पातळ थरात, म्हणजे सीमास्तरात, एकवटलेला असतो. या थरातली हवा आधीच मंदावलेली असते आणि डिफ्यूझरमध्ये तिला वाढत्या दाबाविरुद्ध, जणू चढावर, पुढे जावे लागते. चढ फार उभा असला तर ती थांबते, उलटी फिरते आणि मुख्य प्रवाह भिंत सोडतो. यालाच विलगन म्हणतात. भिंतीवर लोकरीचे धागे चिकटवून पाहिले, तर विलगन झालेल्या जागी ते वाऱ्याच्या दिशेने ताठ न राहता थरथरतात किंवा चक्क मागे वळतात. नळी तेथे दिसायला रुंद असली, तरी प्रवाहाच्या वाट्याला अरुंद वाटच येते. त्यामुळे वेग उतरत नाही आणि दाबही वाढत नाही.

शंकूच्या आकाराच्या नळीत समोरासमोरच्या भिंतींमधला एकूण कोन ६ ते ७ अंशांच्या आसपास असताना तोटा सर्वांत कमी होतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी ए. एच. गिब्सन या ब्रिटिश अभियंत्याने पाण्यावर केलेल्या प्रयोगांपासून ज्ञात आहे. कोन याहून लहान ठेवला, तर नळी लांबते आणि घर्षण वाढते. तो ६० अंशांपर्यंत नेला, तर एकदम रुंद केलेल्या नळीपेक्षाही अधिक नुकसान होते. सरळ भिंतीच्या शंकूत दाबाचा चढ सर्वांत तीव्र असतो तो तोंडाशीच, म्हणून सुरुवातीची घाई सर्वांत महागात पडते.

काटकसर नेमकी इथेच आडवी येते. १ मीटर व्यासाच्या नळीचे क्षेत्रफळ ७ अंशांच्या कोनाने दुप्पट करायला सुमारे ३.४ मीटर लांबी लागते, तर ३० अंशांच्या कोनाने पाऊण मीटरच्या किंचित पुढे काम आटोपते. जागा तेवढीच असेल, तर ३० अंशांचा शंकू बसवण्यापेक्षा तेवढ्या लांबीत नळी ७ ते १० अंशांनी रुंदावत नेऊन शेवटी एकदम मोठी करणे अधिक फायद्याचे ठरते, आणि जेट इंजिनांच्या ज्वलनकक्षाआधी अनेकदा हीच रचना असते.