पिनबॉल यंत्रातील प्रदीपन व चकाकी

काचेने झाकलेल्या उतरत्या पटावर पोलादी चेंडू खेळवून गुण मिळविण्याच्या यंत्राला पिनबॉल यंत्र म्हणतात. आडव्या पेटीत खेळाचा पट असतो व तिच्या दूरच्या टोकाशी उभी बसविलेली दुसरी पेटी असते. या उभ्या पेटीला येथे शीर्षपेटी म्हटले आहे. शीर्षपेटीच्या दर्शनी बाजूस रंगीत चित्र असलेली काच असून ती मागील दिव्यांनी उजळते. दूरवरच्या गिऱ्हाइकाचे लक्ष वेधणे हे या चित्रकाचेचे मुख्य काम होय; याउलट, खेळणाऱ्याची नजर सर्व काळ पटावरील चेंडूवर खिळलेली असते. शीर्षपेटीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा काही अंश पटावरील काचेवर परावर्तित होऊन नेमका त्याच्याच डोळ्यांत शिरतो. त्यामुळे चित्र जितके तेजस्वी करावे तितका चेंडू दिसेनासा होतो, असा विरोध या यंत्राच्या रचनेतच आहे. शीर्षपेटीच्या प्रदीपनातील सुधारणा आणि चकाकीचे निवारण या दोन गोष्टींचा विचार म्हणूनच एकत्र करावा लागतो.

इतिहास : फ्रान्समधील बागातेल या टेबलावरील खेळापासून पिनबॉल विकसित झाला. अमेरिकेतील सिनसिनॅटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ मध्ये बागातेलमधील सुधारणांचे एकस्व (पेटंट) घेतले. शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी १९३१ मध्ये बाजारात आणलेला ‘बॅफल बॉल’ हा खेळ दुकानाच्या गल्ल्याशेजारी मावेल एवढाच होता; त्याला दिवाही नव्हता व शीर्षपेटीही नव्हती. हॅरी विल्यम्स यांच्या ‘काँटॅक्ट’ या खेळात विजेचा उपयोग झाल्यानंतर थोड्याच वर्षांत दिवे आले व त्यांच्यासाठी उभी पेटीही आली. आरंभी हे दिवे केवळ शोभेसाठी नव्हते. चित्रकाचेवर छापलेल्या आकड्यांपैकी ज्यांच्यामागील दिवा लागेल तेवढे गुण झाले, असे समजत. पुढे फिरत्या चक्रांवरील आकडे, १९७७ च्या सुमारास इलेक्ट्रॉनीय अंकदर्शक आणि १९९१ पासून ठिपक्यांच्या जाळीचे दर्शक प्रचारात आले. गुण सांगण्याच्या कामातून दिवे अशा प्रकारे मोकळे झाले, तरी चित्र उजळण्याचे काम त्यांच्याकडे राहिले. ‘हंप्टी डंप्टी’ (१९४७) या खेळात खेळणाऱ्याच्या हातातील झडपा म्हणजे फ्लिपर प्रथमच बसविण्यात आले. तेव्हापासून चेंडूचा वेध घेणे हाच खेळाचा गाभा बनला आणि पट स्पष्ट दिसण्याचे महत्त्व वाढले.

चित्रकाच व तिचे दिवे : जुन्या पद्धतीत काचेच्या मागील पृष्ठावर रेशीम-जाळीच्या मुद्रणाने एकेक रंग उलट्या क्रमाने छापीत व अखेरीस प्रकाश रोखणारा थर देत. जेथे प्रकाश हवा तेवढी जागा या थरात मोकळी ठेवीत. गॉटलीब कंपनीसाठी रॉय पार्कर यांनी केलेली चित्रे या प्रकारातील नामांकित कामांत गणली जातात. १९८० नंतरच्या दशकात काचेऐवजी प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर चित्र छापून तो साध्या काचेमागे ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

मागील फळीवर ६·३ व्होल्ट दाबाचे छोटे तापदीप्त दिवे बसविलेले असतात. अमेरिकी व्यापारातील ४४ क्रमांकाचा दिवा २५० मिलिअँपिअर प्रवाह घेतो, तर ४७ क्रमांकाचा १५० मिलिअँपिअर. म्हणजे त्यांचा विद्युत् व्यय अनुक्रमे सु. १·६ व ०·९५ वॉट असतो. एका पेटीत ४० दिवे धरले, तर पहिल्या प्रकाराने सु. ६३ वॉट आणि दुसऱ्याने सु. ३८ वॉट शक्ती त्या बंद जागेत खर्ची पडते. तिचा दहावा हिस्साही दृश्य प्रकाशात रूपांतरित होत नाही, बाकी सर्व उष्णता होय. काच व रंग यांचे प्रसरण सारखे नसल्याने यंत्र तापून निवण्याच्या पुनःपुन्हा होणाऱ्या क्रियेत रंगाची काचेवरील पकड सुटते आणि त्याचे पोपडे पडतात. दमट हवेने ही हानी वाढते. एकदा गळून पडलेला रंग परत बसविता येत नाही. पारदर्शक ॲक्रिलिक लेपाने उरलेला रंग धरून ठेवता येतो इतकेच. जुन्या यंत्रांच्या बाबतीत दिवे बदलण्याचे सर्वांत सबळ कारण हे आहे. अधिक उजेड हे नव्हे.

चकाकीचा उगम : पटावरील काच सु. १०९ सेंमी. लांब व ५३ सेंमी. रुंद असते. तिच्या प्रत्येक पृष्ठावरून सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा सु. ४% भाग परावर्तित होतो. दोन्ही पृष्ठांचा मिळून सु. ८%. प्रकाश जसजसा तिरपा पडतो तसतसे हे प्रमाण वाढते. खेळणाऱ्याचा डोळा काचेच्या अलीकडील कडेच्या वर ६० सेंमी. उंचीवर आहे व शीर्षपेटी काचेला स्थूलमानाने लंब आहे असे मानू. काचेपासून ३० सेंमी. उंच असलेल्या चित्रातील बिंदूचे प्रतिबिंब अलीकडील कडेपासून सु. ७३ सेंमी. अंतरावर, म्हणजे पटाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात दिसेल. तेथे आपात कोन सु. ५०° असून सु. १०% प्रकाश परावर्तित होतो. चित्राच्या माथ्याचे प्रतिबिंब पटाच्या मध्यावर येते. डोळा ३० सेंमी. उंचीवरच असेल (उदा., लहान मूल), तर पहिल्याच बिंदूचे प्रतिबिंब मध्यावर सरकते, कोन सु. ६१° होतो आणि परावर्तन सु. १६% पर्यंत जाते. एकाच यंत्राबद्दल उंच मनुष्याची तक्रार नसावी व ठेंगण्याची असावी, याचे कारण यात सापडते.

हाच हिशेब उलट केल्यास एक उपयुक्त गोष्ट कळते. फ्लिपरच्या जवळ, म्हणजे अलीकडील ३० सेंमी.मध्ये दिसणारी चकाकी शीर्षपेटीची असूच शकत नाही, कारण त्या जागी परावर्तित होणारा किरण शीर्षपेटीच्या बराच वरून, छताजवळून आलेला असतो. ती खोलीतील दिव्यांची चकाकी होय. शीर्षपेटीवर काळे कापड टाकून पाहिले असता कोणता डाग जातो व कोणता राहतो हे तत्काळ समजते. ही साधी परीक्षा न करता यंत्रातील सर्व दिवे बदलण्याचा खर्च अनेकदा व्यर्थ जातो.

चकाकीचा उपद्रव केवळ तिच्या तेजावर अवलंबून नसतो. चेंडू सु. २७ मिमी. व्यासाचा, सु. ८० ग्रॅम वजनाचा व आरशासारखा गुळगुळीत असल्याने तो स्वतःच्या रंगाने नव्हे, तर अंगावरील प्रकाशबिंदूंनी ओळखू येतो. काचेवर तशाच आकाराचे तेजस्वी ठिपके उमटले की डोळा फसतो. एकसारखा मंद प्रकाश देणाऱ्या चित्राचे प्रतिबिंब त्यामानाने सुसह्य असते. यावरून, शीर्षपेटीत प्रकाश किती आहे यापेक्षा तो कसा पसरलेला आहे हे अधिक महत्त्वाचे ठरते.

प्रकाशाचे समान वाटप : काचेजवळचा उघडा दिवा रंगाच्या पातळ थरातून पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो व त्याच्या भोवतालचे चित्र अंधारे राहते. पेटीची आतील बाजू पांढऱ्या बिनचमकीच्या रंगाने रंगविणे, दिवे व चित्र यांतील अंतर वाढविणे आणि मध्ये दुधी प्लॅस्टिकचा पत्रा ठेवणे हे जुने उपाय आजही सर्वांत गुणकारी आहेत. रंगाला भेगा असतील तेथे मात्र पत्रा काचेला टेकू देऊ नये. लुकलुकणाऱ्या दिव्यांत द्विधातूची पट्टी तापून वाकते व मंडल तुटते. अशा दिव्यांची जागा चित्रकाराने योजलेली असते, ती बदलल्यास चित्राचा अर्थच बिघडतो.

एलईडी दिव्यांनी उष्णतेचा प्रश्न जवळजवळ मिटविला. तापदीप्त दिव्याच्या जागी बसणारा एलईडी त्याच्या सु. पाचव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून कमी शक्ती घेतो. पण त्याचा प्रकाश एका दिशेने जोरात जातो. पारदर्शक टोपणाचा, समोर रोखलेला एलईडी चित्रावर ठिपका उमटवितो आणि तोच ठिपका पटावरील काचेतही दिसतो. दुधी टोपणाचे किंवा बाजूंना प्रकाश फेकणारे प्रकार म्हणून श्रेयस्कर. तसेच जुन्या चित्रांचे रंग तापदीप्त दिव्याच्या पिवळसर प्रकाशात पाहूनच ठरविलेले होते. निळसर पांढऱ्या एलईडीपुढे त्वचेचे व सोनेरी रंग निस्तेज होतात. या कामी उबदार पांढरी छटाच योग्य होय, जरी विक्रेते थंड छटेची भलावण तिच्या झगझगाटामुळे करीत असले तरी.

विद्युत् मंडलाच्या बाजूनेही अडचणी येतात. बहुतेक जुन्या यंत्रांत शीर्षपेटीला रोहित्रातून प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणारा) प्रवाह मिळतो. तापदीप्त तार थंड होण्यास वेळ लागत असल्याने तिच्या प्रकाशातील चढउतार जाणवत नाही. एलईडी मात्र प्रवाहाबरोबर तत्क्षणी विझतो. एकच डायोड असलेला दिवा सेकंदाला ६० आवर्तनांच्या पुरवठ्यावर तेवढ्याच वेळा लुकलुकतो. सेतू-जोडणी असलेला १२० वेळा. अशा लुकलुकत्या प्रकाशात धावता चेंडू तुटक दिसतो. एकदिश केलेला व धारित्राने सपाट केलेला पुरवठा हा यावरील खरा इलाज होय. ज्या यंत्रांत प्रत्येक दिवा सिलिकॉन नियंत्रित एकदिशकारकाने चालतो, तेथे एलईडीचा अल्प प्रवाह त्या घटकाला चालू ठेवण्यास पुरत नाही. दिव्याला समांतर रोधक जोडून तो वाढवावा लागतो. आडव्या-उभ्या ओळींत जोडलेल्या दिव्यांच्या जाळ्यात तर गळतीच्या किंचित प्रवाहानेही नको तो एलईडी मंद चमकतो.

निवारण : प्रथम शीर्षपेटीचे तेज कमी करावे. १९९० नंतरच्या काही यंत्रांत सर्वसाधारण दिव्यांचे तेज नियंत्रण-मंडलातूनच बदलता येते. त्यात प्रत्यावर्ती तरंगाचा भाग कापला जात असल्याने एलईडी लावल्यास लुकलुक बळावते, हे ध्यानात ठेवावे. पटावरील दिव्यांचा प्रकाश थोडा वाढविल्यासही चकाकीचे सापेक्ष प्रमाण घटते. खोलीतील दिवे यंत्राच्या मागील छतावरून हलवून बाजूंच्या भिंतींवर, आडोसा करून लावावेत.

खरखरीत केलेली काच हा वरवर सोपा वाटणारा उपाय येथे निरुपयोगी आहे. तसबिरीतील चित्र काचेला लागून असते म्हणून ते खरखरीत काचेतूनही स्पष्ट दिसते; पिनबॉलचा चेंडू काचेखाली काही सेंमी. खोल असल्याने तो धूसर होतो. परावर्तनरोधक लेपाची काच हा खरा उपाय होय. काचेपेक्षा कमी प्रणमनांकाच्या पदार्थाचा, तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढा थर दिला असता त्याच्या दोन पृष्ठांवरून परावर्तित होणारे तरंग व्यतिकरणाने एकमेकांना क्षीण करतात [⟶ प्रकाशकी]. मॅग्नेशियम फ्ल्युओराइडाच्या सु. १०० नॅनोमीटर जाडीच्या एका थराने प्रत्येक पृष्ठाचे परावर्तन ४% वरून सु. १·३% वर येते. अनेक थरांनी ते याहून पुष्कळ कमी होते. लेप दोन्ही पृष्ठांवर हवा. अशी काच महाग असते व तिच्यावरील बोटांचे ठसे साध्या काचेपेक्षा अधिक उठून दिसतात, तरीही अलीकडे काही उत्पादक महागड्या आवृत्त्यांत ती मुळातच बसवितात.

ध्रुवणाचाही उपयोग होऊ शकतो. काचेवरून सु. ५६° कोनात परावर्तित झालेला प्रकाश पूर्णपणे ध्रुवित असतो, आणि वर काढलेले ५०° ते ६१° हे कोन त्याच्या आसपासचेच आहेत. ध्रुवणकारी चष्म्याने म्हणूनच चकाकी बरीच मावळते, मात्र पटही काहीसा अंधारतो.

प्रतिबिंबाचा हा दोष एकदा गुण म्हणूनही वापरला गेला. विल्यम्स कंपनीच्या ‘पिनबॉल २०००’ या १९९९ मधील रचनेत शीर्षपेटीत दूरचित्रवाणीसारखा पडदा खाली तोंड करून बसविला होता. त्याचे उलटे चित्र पटावरील काचेच्या विशेष लेप दिलेल्या भागातून परावर्तित होऊन पटावर प्रत्यक्ष आकृत्या तरंगत असल्याचा भास होई. खोलीतील प्रकाश वाढला की आकृत्या फिक्या पडत. या पद्धतीचे दोनच खेळ निघाले व त्याच वर्षी कंपनीने पिनबॉलचे उत्पादन थांबविले. पुढे २०१३ मधील ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या जर्सी जॅक कंपनीच्या खेळापासून शीर्षपेटीत मोठे एलसीडी पडदे येऊ लागले. त्यांतील चित्र खेळ चालू असताना सतत हलते, त्यामुळे काचेतील प्रतिबिंबही हलते. स्थिर चित्रापेक्षा ते नजरेला अधिक ओढते आणि पडद्याचे तेज कमी ठेवणे किंवा लेपित काच बसविणे भाग पडते.