फ्रिजच्या दारात पाणी गोठले तर

गिऱ्हाईक दुकानात आले की आम्ही आधी थंड पाणी देतो, मग थान उलगडतो. गेल्या उन्हाळ्यात फ्रिजच्या दारातून पाणी येईना. मेकॅनिक म्हणाला, अख्खे दार बदला! आम्ही साफ नकार दिला.

दोन उभ्या दारांच्या फ्रिजमध्ये पाण्याची बारीक नळी फ्रीजरच्या दारातून जाते. फ्रीजर उणे १८ अंशांपेक्षा जास्त थंड ठेवला, त्यात पाणी कमी काढले, की नळीत बर्फ धरतो. कळ दाबल्यावर मागे आवाज येतो, पण पाणी नाही, तर बहुधा हेच कारण.

माल काढून प्लग काढावा, खाली जुने कापड अंथरून दार रात्रभर उघडे ठेवावे. तार, सुई मुळीच खुपसू नये. नळी फाटली तर मेकॅनिकचेच फावते. नंतर फ्रीजर उणे १८ वर ठेवावा. आमच्याकडे सकाळी पाणी सुरू झाले. मेकॅनिकला चहा पाजला.